अनशापोटीचा जप

येलहंका,
मंगळवार, दुपार

प्रिय संयू,

उद्या आमचे पद्माकर इलेक्ट्रॉनिक सिटीला येताहेत, तुझ्या लेकीकडे, प्रांजलीकडे, तुला बघायला. त्यांच्याबरोबर एक डबा देतेय आणि हे पाकीट. डब्यात धपाटे आहेत, ते सगळ्यांनी मिळून खा. पाकीट मात्र तू एकटीनं उघड. आत तुझा एप्रिलचा रिपोर्ट आहे असं मी पद्माकरना सांगितलंय, आणि तेवढं तरी खरं आहे. काल सकाळी तू फोनवर म्हणालीस, की गुरुवारी प्रांजली तुला नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेणार, त्यांनी झाडून सगळे जुने कागद मागितलेत, तेव्हा माझ्या मोबाइलवर आलेला तो रिपोर्ट तेवढा मी धाडून द्यावा. मी हो म्हटलं आणि पाठवला नाही. दुपारी तू आठवण करून दिलीस, तर नेट चालत नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळी पुन्हा तेच सांगितलं. तुला ते खरं वाटलं. तुला माझं सगळंच खरं वाटतं बाई, तीच तर सगळी पंचाईत आहे.

वर तू आणखी काय म्हणालीस, आठवतंय? आता बहुतेक इन्सुलिनच टोचून घ्यावं लागणार, आळशीपणाची फळं, दुसरं काय. आणि मंगळागौरीच्या ग्रुपमधून तुझं नाव कायमचं काढून टाकायला सांगितलंस. हसत सांगितलंस, त्या नव्या घोगऱ्या आवाजात. हे सगळं मला फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर मला खोटं फार सफाईनं जमतं, आणि तू मला अर्धं वाक्यही पुरं करू देत नाहीस. लगेच म्हणतेस, असू दे गं. या वेळी मला तुझं ‘असू दे’ नकोय. म्हणून कागद घेऊन बसलेय. अक्षर बिघडलंय, लावून घे.

आधी एक सांगून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मला तुझा हेवा वाटतो. वाटायचा असं नाही, वाटतो. क्वार्टर्समध्ये तू नाशिकहून नवी नवरी म्हणून आलीस तेव्हापासून. मी तुझ्याआधी आठ महिने आलेली, सगळ्या जिन्यातल्या मराठी बायकांत माझा शब्द चालायचा. दूधवाला कोणता, दळण कुठे, सगळं मला विचारायच्या. मग तू आलीस. गुरुप्रसाद भावजींचं घराणं तीन पिढ्या बेंगळुरूतलं, घरात निम्मं कन्नडच. तीन महिन्यांत तू भाजीवाल्या अक्काशी अशी घासाघीस करायला लागलीस, की ती तुला कोथिंबीर फुकट द्यायची आणि मला तुझ्याकडून शिकून घे म्हणायची. तीस वर्षं होत आली संयू, मी अजून ‘स्वल्प’ आणि ‘सरी’, म्हणजे ‘थोडं’ आणि ‘बरं’, या दोन शब्दांवर संसार ओढतेय. तू हसशील, पण तेव्हा माझ्या पोटात जे दुखलं ते कधी थांबलंच नाही. माझा आशय बारावीत नव्वद टक्के घेऊन आला, तेव्हा पेढा तोंडात घालायच्या आधी मी प्रांजलीला किती पडले ते विचारलं होतं. तिला त्र्याण्णव होते. तो पेढा मला अजून आठवतो.

आणि फुगडी. पहिल्या श्रावणात क्वार्टर्सच्या हॉलमध्ये तू माझे हात धरलेस, पाय जुळवलेस आणि मागे रेललीस, तेव्हा मला कळलं की आपली जोडी जमणार. उंची सारखी, वजन सारखं, हाताची पकडही सारखीच घट्ट. दंडफुगडी, बसफुगडी, तवाफुगडी, काय म्हणशील ते. लोक अजून सांगतात, त्या दोघी फिरायला लागल्या की भोवरा बरा. पण फुगडीला दोघी लागतात आणि बघणारे एकीलाच बघतात. तुझी ती कंबर, तो खडा आवाज, घाम आला तरी हसरं तोंड. मी आपली दुसरी बाजू. मंडळाच्या दरवर्षीच्या कार्यक्रमात मधल्या रिंगणात तू, आणि तुझे हात धरायला मी. पद्माकरसुद्धा घरी येऊन म्हणायचे, संयोगितानं आज काय रंग भरला! मी म्हणायचे, हो ना. आणि पोळ्या जरा जाड लाटायची.

साखरेतही आपली स्पर्धाच की. तुला निघाली त्याच वर्षी मलाही निघाली. दर तीन महिन्यांनी लॅबची मुलगी माझ्या घरी येणार, दोघींचं रक्त एकदम घेणार, दोघींचं मिळून केलं की सवलत. तुझ्या फोनवर त्यांचा तो ओटीपीचा नंबर कधी यायचाच नाही म्हणून दोघींची नावं माझ्याच मोबाइलवर. मग तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा बघायचा. तू हापूसच्या दोन फोडी मिटक्या मारत खाणार आणि तुझा आकडा सहा पूर्णांक चार. मी नाक दाबून कारल्याचा रस पिणार आणि माझा सात तीन, सात सहा. तू मनापासून म्हणायचीस, अगं सुलभा, तू ताण घेतेस म्हणून वाढते. माझा जळफळाट व्हायचा. ताण कशाचा, हे कुठल्या तोंडानं सांगणार होते तुला?

मग ती माझी वाईट दोन वर्षं आली. तुला आठवत असतील, पण तुला ती बाहेरून माहीत आहेत. काही न खाता वजन वाढत होतं. पायात मणामणाचे गोळे बांधल्यासारखं व्हायचं, दुपारी भांडी घासता घासता डोळे मिटायचे, केस मुठीनं जायचे. सगळ्यांनी साखरेवर बिल फाडलं. साखरवाल्यांना थकवा येतोच, म्हणाले. ग्रुपनं मला फुगडीतून काढून मागं सूप धरायला उभं केलं. तू कोपऱ्यात घेऊन प्रेमानं म्हणालीस, थोडं चालत जा गं, मनावर घे. मी रोज चाळीस मिनिटं चालतच होते संयू. पण तुला ते सांगितलं नाही, कारण चालूनही काही होत नाही हे सांगणं म्हणजे स्वतःच्या तोंडानं हार कबूल करणं. तुझं ते ‘मनावर घे’ मी मनावर घेतलं ते असं, की सहा वर्षांत विसरले नाही.

आणि मग मी बरी झाले. वर्षभरात सहा किलो उतरले, चेहऱ्याची सूज गेली, पुन्हा तुझे हात धरून फिरायला लागले. महिला दिनाला मंडळानं मला बोलायला उभं केलं. मी काय बोलले ते तुला तोंडपाठ आहे, कारण पहिल्या रांगेत बसून रडणारी तूच होतीस. पहाटे साडेपाचला उठायचं, पाणी प्यायचं, कॉफीला हात लावायचा नाही, अनशापोटी तासभर जप करायचा, मग चालायचं. जिद्द असली की शरीर ऐकतं. बायकांनी वह्यांत लिहून घेतलं. गुरुप्रसाद भावजींनी मला हात जोडून म्हटलं, सुलभक्का, आमच्या घरीपण हे स्वल्प शिकवा.

संयू, जप नव्हता गं. गोळी होती. भावाकडे मिरजेला गेले होते ना, त्याच्या ओळखीच्या डॉक्टरांनी माझा चेहरा बघूनच थायरॉइड तपासायला लावलं. ग्रंथी मंदावली होती. वाटाण्याहून लहान पांढरी गोळी, अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर, नंतर तासभर चहा-कॉफी काही नाही, नाहीतर ती अंगी लागत नाही. त्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. म्हणाले, साखर असलेल्यांत थायरॉइड मंदावलेलं पुष्कळदा सापडतं, म्हणून साखर निघाली की हेही बघून घ्यावं. दोन्हींचा थकवा सारखाच दिसतो, त्यामुळे चोर एक आणि मार दुसऱ्याला. थायरॉइड मंद झालं की सगळं शरीरच मंद चालतं. रक्तातली चरबी वाढते, साखर हाताबाहेर जाते, आणि उलटही होतं, साखरेचं औषध शरीरात नेहमीपेक्षा जास्त रेंगाळतं आणि पोट रिकामं असलं तर साखर धाडकन खाली येते. गोळी सुरू केल्यावर चारेक महिन्यांनी मी चालले की चालल्यासारखं वाटायला लागलं, चरबी उतरली, साखरही ऐकायला लागली. चालले मी, ते खोटं नाही. पण गोळीआधीही मी चालतच होते.

लपवलं का, असं विचारशील. दोन वर्षं आळशी म्हणून ऐकून घेतलेलं माणूस आहे मी. उठून उभी राहिले तर सगळ्या म्हणायला लागल्या, सुलभानं जिद्दीनं करून दाखवलं. ते ‘जिद्दीनं’ कोण सोडून देईल? आणि मेलकोटेच्या सहलीत पहाटे तू माझ्यासाठी फिल्टर कॉफीचा पेला घेऊन खोलीत आलीस, तेव्हा माझ्या हातात गोळ्यांची पट्टी होती. मी ती पदराखाली घेतली आणि तोंडातून निघून गेलं, नको, माझा नेम आहे, जप झाल्याशिवाय काही घेत नाही. तू पेला घेऊन पाय न वाजवता मागे गेलीस. झालं, मग जपमाळ घ्यावी लागली. आत हात घालून माळ जपायची ती कापडी गोमुखी असते ना, तीत माळेबरोबर गोळ्यांची पट्टी. सहा वर्षं रोज पहाटे तिच्यात हात घालतेय, आणि देव माझ्याकडे बघत असेल तर काय बघत असेल ते त्यालाच ठाऊक. डॉक्टरांनी समजावलेलं सगळं मी त्या गोमुखीतच ठेवलं. पद्माकरखेरीज इथे कुणाला माहीत नाही, आणि त्यांना वाटतं की निदान तुला तरी मी सांगितलं असेल.

आता गेल्या वर्षाचं. तुझा चेहरा सुजरा दिसायला लागला ते मी सगळ्यांच्या आधी बघितलं. भुवयांची टोकं विरळ झाली. आवाज बसला तो बसलाच, तुला खडीसाखर चालत नाही म्हणून लवंग चघळत राहिलीस. मार्चमध्ये अख्खं बेंगळुरू पंख्याखाली बसलेलं, आणि तू बाल्कनीत स्वेटर घालून. तालमीत खाली बसलीस की उठायला हात मागायचीस. पुण्याहून आलेली ती आयटीतली अमृता आपल्या तालमीचे व्हिडिओ काढते ना, त्यातल्या एकात पहिल्यांदाच तू मागे पडताना दिसतेस आणि मी तुला ओढून फिरवतेय. तो व्हिडिओ मी किती वेळा बघितला असेल? पन्नास वेळा. मला आनंद झाला संयू. शब्द दुसरा शोधत नाही. मला सगळं ओळखू येत होतं, एकेक लक्षण माझ्या अंगावरून गेलेलं, आणि मला आनंद होत होता. मनात म्हणत होते, आता कळू दे हिलाही, मनावर घेऊन काय काय होतं ते.

एप्रिलमध्ये आपण रक्त दिलं. तुझा आकडा आठ एक, माझा सहा नऊ. तुझ्याबरोबर मी आपल्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे आले, नेहमी येते तशी. त्यांनी साखरेची नवी गोळी जोडली, नाश्त्याआधी घ्यायची, आणि वजन उतरवा म्हणाले. त्याच दिवशी रिक्षात तू माझा हात धरून म्हणालीस, की उद्यापासून मी तुझा नेम धरते. मी खिडकीबाहेर, म्हणजे रिक्षाला खिडकी कुठली, रस्त्याकडे बघत राहिले. नको म्हणायला हवं होतं. साखरेची गोळी पोटात टाकून उपाशी बसायचं नसतं, एवढं तरी सांगायला हवं होतं. पण मग तू विचारलं असतंस, तू कशी बसतेस?

मग तू बसायला लागलीस. भावजी सांगत होते, साडेपाचला उठते, गोळी घेते, माळ घेते, घामाघूम होते तरी उठत नाही. तुझा आकडा तरी हलेना, वजन तरी हलेना, तर तुला वाटलं जपच कमी पडतोय, म्हणून तासाचा दीड तास केलास. त्या रविवारी सकाळी तू तशीच रिकाम्या पोटी तालमीला आलीस. कार्यक्रमाला पाच आठवडे राहिलेले. तुझे हात हातात घेतले तेव्हा गार आणि ओले होते. दोन फेऱ्या झाल्या, तिसऱ्या फेरीला तू माझ्याकडे बघत होतीस आणि मला बघत नव्हतीस. हात तुझे सुटले, मी सोडले नाहीत. निदान त्या दिवशी नाही. तू भिंतीवर जाऊन आदळलीस. अमृता धावली, बोट घालून गालाच्या आत साखर चोळली, कॅज्युअल्टीत नेलं तर साखर सेहेचाळीस. सलाइन लावून, मनगट बांधून, चार तासांनी घरी सोडलं. कॉटवर पडल्या पडल्या तू काय म्हणालीस, ते मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. तू म्हणालीस, तुझा नेम मला झेपला नाही गं सुलभा, कार्यक्रम बुडवला, माफ कर. माझी माफी मागितलीस तू! आणि मी तुझ्या कपाळावरून हात फिरवून म्हटलं, असू दे.

तू प्रांजलीकडे गेलीस आणि सगळ्यांना सांगून गेलीस की मधे सुलभाला घ्या. आता दोन आठवडे मी मधे आहे. तीस वर्षं जी जागा हवी होती ती ही. अमृता माझ्या जोडीला आहे, चांगली फिरते, पण बायका मला बघत नाहीत. बघतात आणि म्हणतात, संयोगिता आता कशी आहे? भाजीवाली विचारते, लिफ्टमधला वॉचमन विचारतो. तू नसलीस तरी तूच मधे. आणि प्रांजली रोज तुझ्या डोक्याला तेल लावून देते, ते ऐकूनही माझ्या पोटात कळ आली. माझा आशय रविवारी सात मिनिटं फोन करतो. बघ, हे वाचतेस तेव्हाही मी आपलं तुझ्या ताटात किती वाढलंय तेच बघतेय.

आता पाकिटातलं दुसरं पान काढ. रिपोर्ट चार पानांचा आहे, या वेळी लॅबनं त्याच सवलतीत बाकीच्या तपासण्याही घातल्या होत्या. एप्रिलमध्ये तो आला तेव्हा तू म्हणालीस, मला ती फाइल उघडत नाही, तूच बघ आणि आकडा तेवढा सांग. मी माझ्याआधी तुझा उघडला. आठ एक वाचून स्वयंपाकघरात एकटी हसले. मग अंगठा खाली सरकला आणि दुसरं पान आलं. थायरॉइड. टीएसएच एक्केचाळीस, असायला हवं साडेचारच्या आत. ठळक अक्षरांत, पुढे चांदणी काढून. मला कुणा डॉक्टरनं समजावून सांगायची गरज नव्हती. आणि मनात पहिलं काय आलं, सांगू? ‘अरेरे’ आलं नाही. आलं ते असं, की म्हणजे हिला कारण मिळालं. कारण मिळालं की तू आळशी नाहीस, आणि तू आळशी नसलीस तर मी जिंकले कुठे? गोळी मिळाली की श्रावणापर्यंत तू पुन्हा मधे. आणि अनशापोटी गोळी घेऊन तासभर कॉफीसाठी थांबलीस, की माझ्या गोमुखीत काय आहे ते सगळ्यांत आधी तुलाच कळलं असतं. मी फक्त पहिलं पान छापून आणलं. डॉक्टरांनी विचारलंही होतं, थायरॉइड केलंय का. तू माझ्याकडे बघितलंस, कारण तुझे कागद माझ्याकडे असतात. मी म्हटलं, झालंय. एवढंच. खोटं नव्हतं, तपासणी झालीच होती. त्यांना वाटलं, झालंय म्हणजे ठीक आलंय. त्यांनी मान हलवली आणि साखरेची गोळी लिहिली. त्या माझ्या एका शब्दावर तू तीन महिने थंडीनं कुडकुडलीस, स्वतःला आळशी म्हणत राहिलीस आणि भिंतीवर आदळलीस.

काल मी तुला मेसेज लिहिला होता, की अगं, हे दुसरं पान बघायचं राहूनच गेलं बघ. चारही पानं जोडली होती. पाठवला असता तर जन्मात कुणाला कळलं नसतं, आणि तू म्हणाली असतीस, असू दे गं, होतं असं. मग तू बरी झाली असतीस, पण आयुष्यभर समजत राहिली असतीस की सुलभाचा नेम आपल्याला झेपला नाही. म्हणून तो पुसला आणि हे लिहायला घेतलं. तुझी जिद्द कुठे कमी पडली नाही संयू. मला उठायला गोळी लागली, आणि ती तुला मी मिळू दिली नाही. चारही पानं आत आहेत, माझी एक रिकामी पट्टीही घातलीय, म्हणजे नाव बघता येईल. डॉक्टरीणबाईंना दुसरं पान आधी दाखव, उपाशीपोटी साखरेची गोळी घेत होतीस तेही सांग, मग काय द्यायचं ते त्या ठरवतील. हे पत्र प्रांजलीला वाचून दाखवायचं असेल तर दाखव. रविवारी मी ग्रुपलाही सांगणार आहे, जपाचंही आणि पानाचंही, फक्त तू आधी वाचावंस म्हणून थांबलेय. हे लिहितानाही मनात येतंय, की तू बरी होऊन आलीस की पुन्हा सगळ्या तुझ्याकडेच बघतील. येऊ दे मनात. बघू देत तुझ्याकडे. गोळी सुरू झाली की पहाटे कॉफीआधीचा एक तास रिकामा मिळेल तुला. त्या तासात जपबिप काही करू नकोस. तेवढा वेळ मला शिव्या घाल.

तुझीच म्हणवून घ्यायचं की नाही, ते तू ठरवेपर्यंत तुझीच,
सुलभा